गाऱ्हाणे आणि कायदा : लोकप्रतिनिधीच्या एका महिन्याचा विचार



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते ते गृहस्थ विधिमंडळाचे सभासद नव्हते की कोणत्या पक्षाचे पुढारी नव्हते. तहसील कचेरीच्या आवारात बसून निरक्षरांचे अर्ज, कैफियती आणि दरखास्ती लिहून देण्याचे काम त्यांनी जन्मभर केले, आणि आपल्या हातचा अर्ज पुढे कोणाच्या टेबलावर अडला याचा तपास करीत राहणे हाही त्यांनी आपल्या व्यवसायाचाच भाग मानला. तेव्हा लोकांनी निवडून दिलेला कायदेकर्ता ज्या महिन्यात सभागृहात नसतो त्या महिन्यात तो कोणाकोणाला भेटतो, आणि त्या भेटींतून काय निष्पन्न होते व काय व्हावे, हा माझा आजचा विषय त्यांना परका वाटला नसता, असा माझा विश्वास आहे.

प्रतिनिधित्वाची कल्पना आपल्याकडे मतपेटीबरोबर आली असे सर्रास समजले जाते. परंतु २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा मतपेटी तर दूरच, मताधिकाराचा उच्चारही या देशात फारसा कोणी करीत नव्हता, आणि तरीही त्या सभेच्या चालकांनी असा दंडक घातला की सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा हजर केला पाहिजे. प्रारंभीच्या ९५ सभासदांपाशी मिळून सुमारे ६,००० लोकांची अशी मुखत्यारपत्रे होती. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या असंतोषातून जिचा उगम झाला त्या संस्थेने जमिनीच्या आणि देण्याघेण्याच्या दाव्यांत वापरला जाणारा कागद उचलून सार्वजनिक कामाचा पाया म्हणून घातला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कारण मुखत्यारनामा देणारा मनुष्य मुखत्याराला ओळखत असतो, आणि आपले काय काम त्याच्या हाती सोपविले आहे हे दोघांनाही ठाऊक असते. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक ‘सार्वजनिक काका’ म्हणत, आणि त्यांच्या जोडीला न्यायमूर्ती रानडे, यांनी या सभेला जी कार्यपद्धती लावून दिली तिचे खरे तेज १८७६-७७ च्या दुष्काळात दिसले. सभेची माणसे जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती जमा करीत, पिकांची, गुरांची, धान्याच्या भावांची आणि मदतकामांवरील मजुरीची स्थिती लिहून घेत, आणि तिच्यावरून तयार झालेली निवेदने सरकारकडे जात. त्या निवेदनांत एखाद्या गावच्या एखाद्या कुणब्यासाठी सवलत मागितलेली नसे. त्या कुणब्याची हकीगत हा पुरावा असे, आणि मागणी नियम बदलण्याची असे.

हा भेद मनात ठेवून आजच्या आमदाराकडे पाहावे. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ सदस्य आहेत आणि २०२४ च्या निवडणुकीत राज्यातील मतदारांची संख्या सुमारे ९ कोटी ७० लाख होती. म्हणजे एका सदस्यामागे सरासरी तीन लाखांहून अधिक मतदार झाले. सार्वजनिक सभेच्या एका सभासदामागे जेवढ्या सह्या लागत तेवढ्या, म्हणजे पन्नास, माणसांना एखादा आमदार एकही दिवस न चुकता रोज भेटला, तरी पाच वर्षांच्या मुदतीत त्याच्या भेटी सुमारे ९१,००० होतील, आणि दोन लाखांहून अधिक मतदार त्याच्या नजरेसही पडलेले नसतील. तेव्हा ‘आमचा आमदार प्रत्येकाला भेटतो’ ही प्रशस्ती कितीही प्रेमाने दिलेली असली तरी ती खरी असू शकत नाही, आणि जो प्रतिनिधी केवळ भेटींच्या संख्येवर आपल्या कार्याचे मोजमाप करतो त्याने स्वतःवर एक अशक्य जबाबदारी घेतलेली असते. प्रश्न राहतो तो हा, की जे भेटतात त्यांच्या गाऱ्हाण्यातून न भेटलेल्यांच्या स्थितीचे अनुमान तो करतो की नाही.

काही वर्षांपूर्वी बालाघाटाच्या रांगेतील एका तालुक्याच्या आमदारांबरोबर त्यांच्या मतदारसंघात राहण्याचा योग मला आला. दिवस पौषाचे होते. १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून भरणारे नागपूरचे हिवाळी अधिवेशन संपलेले, मुंबईचे अर्थसंकल्पी अधिवेशन अजून दूर, आणि पौषात लग्नतिथी सहसा नसल्यामुळे एरवी ज्या मांडवांत आमदाराचा निम्मा दिवस जातो त्यांतून त्यांची सुटका झालेली. सकाळी सातच्या आधीच ओसरीवर माणसे येऊन बसत. कोणाची डीपी जळालेली असे आणि गहू पाण्यावाचून माना टाकीत असे. कोणाच्या मुलीला जातपडताळणीचा दाखला हवा असे. कोणाचे निराधार योजनेचे पैसे उत्पन्नाच्या दाखल्याअभावी थांबलेले असत. ‘साहेब, एक फोन लावा’ आणि ‘साहेब, एक पत्र द्या’ ही दोन वाक्ये मी तेथे इतक्या वेळा ऐकली की सरकार आणि रयत यांच्यामधला सगळा व्यवहार या दोन वाक्यांवरच चालला आहे असे वाटावे.

एक प्रसंग सविस्तर सांगतो. सत्तरीच्या घरातील एक बाई, डोक्यावरचा पदर सारखा करीत, प्लास्टिकच्या पिशवीतून सातबाऱ्याचा उतारा, आठ-अ आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला काढून उभी राहिली. आमदार म्हणाले, “आजी, आधी बसा.” ती बसली नाही. नवरा वारून दोन वर्षे झाली होती. वारसनोंदीचा अर्ज दिलेला होता, पोच होती, पण फेरफार काही झालेला नव्हता, आणि सोयाबीनच्या नुकसानीची मदत मयताच्या नावे निघून बँकेतून परत गेली होती. “त्यो असताना पैसं आलं न्हाईत, आन् आता आलं तं त्यो न्हाई,” एवढे ती म्हणाली. आमदारांनी तहसीलदारांना दूरध्वनी केला, मंडळ अधिकाऱ्यांचे नाव विचारले, आणि आठवड्याच्या आत नोंद प्रमाणित होईल असे आश्वासन मिळविले. येथवरचे काम महाराष्ट्रातील बहुतेक आमदार करतात आणि मनापासून करतात. या कामाला क्षुद्र म्हणणाऱ्या शहरी टीकाकारांशी मी सहमत नाही, कारण त्या बाईच्या दृष्टीने त्या दिवशी शासन म्हणून जे काही होते ते त्या ओसरीवरच होते.

परंतु बाई गेल्यावर आमदारांनी आपल्या स्वीय सहाय्यकांकडून भेटीची नोंदवही मागविली, आणि मागील पाने चाळून वारसनोंदीची गाऱ्हाणी वेगळी काढावयास सांगितली. ती बहुतांशी एकाच सज्जाची निघाली. त्या सज्जाला स्वतंत्र तलाठी नव्हता. शेजारच्या सज्जाच्या तलाठ्याकडे त्याचा अतिरिक्त कार्यभार होता आणि त्याच्याकडे असा आणखीही एक होता. जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे. हक्क प्राप्त झाल्याची वर्दी तीन महिन्यांत द्यावी, ती फेरफार नोंदवहीत यावी, हितसंबंधितांना नोटीस निघावी आणि मुदतीनंतर नोंद प्रमाणित व्हावी, ही सारी व्यवस्था तिच्या १४९ व १५० या कलमांत नीट घालून दिलेली आहे. कायद्यात दोष नव्हता. कायदा चालविणारा माणूस तेथे नेमलेला नव्हता. त्या संध्याकाळी आमदारांनी जो तारांकित प्रश्न लिहून घेतला त्यात त्या बाईचे नाव नव्हते. जिल्ह्यातील किती सज्जे अतिरिक्त कार्यभारावर आहेत, किती काळापासून आहेत, आणि त्यांतील प्रलंबित वारसनोंदी किती, एवढेच त्यात विचारलेले होते. पुढे २०२५ मध्ये शासनाने बुलढाणा जिल्ह्यापासून आरंभ करून ‘जिवंत सातबारा’ ही मोहीम राज्यभर चालविली आणि मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम हाती घेतले. त्या मोहिमेचे वृत्त वाचताना मला वारंवार वाटत होते की अशा ओसऱ्यांवर वर्षानुवर्षे सांगितले जाणारे गाऱ्हाणे खासगी नव्हते, हे अखेर राज्याने मान्य केले.

माझे सारे म्हणणे या एका संध्याकाळच्या कृतीत आहे. शिफारशीचे पत्र देऊन भेट संपली तर नागरिक याचक होतो आणि प्रतिनिधी दाता होतो. ज्याला पत्र मिळाले त्याचा फेरफार पुढे सरकतो आणि ज्याची ओसरीपर्यंत पोच नाही त्याचा आणखी मागे पडतो. त्याच गाऱ्हाण्याची नोंद होऊन त्याच्या शेजारी तशीच दुसरी गाऱ्हाणी लावली गेली, आणि त्यांचा प्रश्न, लक्षवेधी सूचना किंवा अशासकीय विधेयक झाले, तर न आलेल्या माणसाचेही काम होते. भेटीची नोंदवही हा विधिमंडळाच्या कामाचा कच्चा खर्डा आहे, आणि ती सहाय्यकाच्या कपाटात पडून राहते याचे मला अतिशय वाईट वाटते.

त्याच पौष महिन्यात संघटनांच्या आणि समाजांच्या भेटी झाल्या. अंगणवाडी सेविका आल्या, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक आले, वकील संघ आला, आडत्यांचे आणि हमाल-मापाड्यांचे प्रतिनिधी एकमेकांच्या पाठोपाठ आले, निरनिराळ्या जातींची आणि पंथांची मंडळे आली. त्यांपैकी समाजमंडळांच्या बहुतेक मागण्या एकाच प्रकारच्या होत्या: सभामंडप, समाजमंदिर, स्मशानभूमीची शेड, कब्रस्तानची भिंत. या मागण्या गैर नाहीत. ज्या वस्तीला चार माणसे एकत्र बसवायला छप्पर नाही तिने छप्पर मागावे यात दोष कसला? पण लोक कायदेकर्त्याकडे कायदा न मागता बांधकाम मागू लागले याला एक कारण घडले आहे, आणि ते म्हणजे त्याच्या हाती दिलेला स्थानिक विकासाचा निधी. खासदारांसाठी अशी योजना २३ डिसेंबर १९९३ रोजी जाहीर झाली. प्रथम ५ लाख, मग १ कोटी, १९९८-९९ पासून २ कोटी, आणि २०११-१२ पासून वर्षाला ५ कोटी असा तिचा विस्तार झाला. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ मध्ये ती रद्द करण्याची शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती घटनेशी सुसंगत ठरविली. न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य आहे, तथापि माझे मत आयोगाच्या बाजूचे आहे. ज्याने खर्चाचा हिशेब विचारावयाचा त्यानेच कामे सुचवावयाची, या व्यवस्थेत हिशेब विचारणाऱ्याची जीभ जड होते. आणि समाजमंडळांनाही असे वाटू लागते की आमदाराशी आपला संबंध कोनशिलेपुरताच आहे.

तसे नसते याचे दाखले आपल्या इतिहासात ठसठशीत आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ च्या निवडणुकीत मुंबई विधानसभेवर निवडून आले. कोकणातील कुळे खोतांच्या जाचाखाली पिढ्यानपिढ्या भरडली जात होती. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये सुरू केलेला संप अजून मिटलेला नव्हता. कुळांच्या परिषदांतून, त्यांच्या तोंडून ऐकलेल्या हकीगतींतून १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी सभागृहात मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चाने गेले. ते विधेयक त्या वेळी मंजूर झाले नाही. खोतीचा उच्छेद करणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडावे लागले. पण प्रतिनिधीने लोकांना भेटणे आणि लोकांनी सभागृहाच्या दाराशी येणे या दोन गोष्टी एका विधेयकाच्या अलीकडे-पलीकडे कशा उभ्या राहू शकतात, हे त्या प्रसंगाने एकदाचे दाखवून दिले.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचे उदाहरण आणखी वेगळे. दुष्काळी भागात हिंडताना त्यांनी जे पाहिले आणि ऐकले त्यातून, मागेल त्याला काम मिळाले पाहिजे या तत्त्वावर, तासगाव तालुक्यातील विसापूर येथे १९६५ मध्ये एक प्रयोग झाला. १९७२-७३ च्या दुष्काळात त्याची कसोटी लागली, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने संमत केला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि २००५ मध्ये तेच तत्त्व साऱ्या देशाने कायद्यात उतरविले. मृणाल गोरे यांना लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणत, कारण गोरेगावच्या बायकांच्या हंड्यांचा प्रश्न त्यांनी महापालिकेपर्यंत आणि पुढे विधानसभेपर्यंत नेला. पण त्याच मृणालताईंनी गर्भलिंगनिदानाच्या विरोधात उभ्या राहिलेल्या कार्यकर्त्यांचे म्हणणे ऐकून अशासकीय विधेयक आणले, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने या विषयावर देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा आहे. आणि गणपतराव देशमुखांचे नाव घेतल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. १९६२ पासून सांगोल्याने त्यांना अकरा वेळा निवडून दिले, १९७२ आणि १९९५ मध्ये पराभूतही केले, एस. टी.ने प्रवास करणारा हा आमदार स्थानकावर, गाडीत, गुरांच्या बाजारात कोणालाही सहज भेटत असे, आणि १९९३ पासून आटपाडीला दुष्काळी तालुक्यांच्या ज्या पाणी परिषदा भरू लागल्या त्यांत नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीने बसून तो आपल्या एका तालुक्यापुरते पाणी मागत नव्हता, समन्यायी वाटपाचे तत्त्व मागत होता.

आता त्या पौष महिन्याच्या शेवटच्या भागाकडे येतो, आणि मला सर्वांत अगत्याने जे सांगावयाचे आहे ते येथेच आहे. २६ जानेवारीला गावोगाव ग्रामसभा भरतात. त्या दिवशी एका वाडीच्या ग्रामसभेला आम्ही गेलो तर देवळापुढे म्हातारी माणसे आणि शाळेची मुले यांखेरीज फारसे कोणी नव्हते. अर्ध्याहून अधिक घरांना कुलपे होती. दिवाळीनंतर जोडपी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेलेली होती. ग्रामसभेच्या गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते, म्हणून सभा नियमाने पार पडू शकली. पण ज्यांच्यासाठी ठराव व्हायचे तेच तिकडे कृष्णाकाठी फडात होते. आमदार काही वेळ थांबले आणि म्हणाले, “माझे मतदार इथे नाहीत, तर मी इथे काय करतो?” दोन दिवसांनी आम्ही सांगली जिल्ह्यातील एका फडावर पोचलो.

कोप्या उसाच्या पाचटाच्या होत्या, माणूस वाकून आत जाईल एवढ्या उंच. दिवसभर मोळ्या बांधून, डोक्यावर वाहून, गाडी भरून बायका अंधार पडल्यावर चुलीपाशी आल्या तेव्हा कुठे बोलणे सुरू झाले. जोडप्याला एक ‘कोयता’ धरतात, आणि दोघांतील एकाने जरी खाडा केला तरी कोयत्याचा दंड भरावा लागतो. त्यामुळे पाळीच्या दिवसांतही बाई फडात उतरते आणि दुखणे अंगावर काढते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी २०१९ मध्ये बाहेर आली तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. म्हणजे जे दुःख कोप्यांतून वर्षानुवर्षे नांदत होते त्याची शासनदरबारी नोंद व्हायला बातमी व्हावी लागली. आमदारांना एकापाठोपाठ एक बायका सांगत होत्या: आठवड्यातून एकदा दवाखान्याची गाडी फडाशी यावी, गावी मागे ठेवलेल्या मुलांचे हंगामी वसतिगृह हंगाम सुरू होताच उघडावे, महिना गेल्यावर नव्हे, इथे रात्री उजेड आणि आडोसा असावा. यांतील वसतिगृहाची सोडून एकही मागणी त्यांच्या गावच्या आमदाराच्या अधिकारातील नव्हती, कारण फड दुसऱ्याच्या मतदारसंघात होता. आणि त्या दुसऱ्याच्या दृष्टीने ही माणसे मतदार नव्हती, म्हणून त्याच्या दौऱ्याच्या कार्यक्रमात त्यांचे नाव येण्याचे कारण नव्हते.

ज्यांच्यामागे संघटना आहे त्यांचे शिष्टमंडळ वेळ मागून भेटते. व्यापारी, वकील, शिक्षक यांना भेटीची वेळ मिळते आणि ती मिळालीच पाहिजे. परंतु उचलीने बांधलेला, वर्षातले पाच-सहा महिने परमुलखात असलेला मनुष्य कोणाच्याच ओसरीवर येऊ शकत नाही, आणि त्याच्याकडे जाण्याचे दिवस प्रतिनिधीने आपल्या महिन्यातून स्वतः काढून ठेवले पाहिजेत. २० नोव्हेंबर २०२४ रोजी मतदान झाले तेव्हा गाळपाच्या हंगामाची सुरुवात होती आणि या मजुरांनी मताला थांबावे की टोळीबरोबर निघावे हा प्रश्न घरोघर होता. ज्यांचे मत असे हंगामाच्या कडेवर आहे त्यांची गाठ घेणे आणखी अगत्याचे आहे. माझी सूचना अशी आहे, आणि विधिमंडळाच्या सदस्यांपर्यंत ती जावी अशी माझी कळकळीची इच्छा आहे: जेथून मजूर निघतात त्या तालुक्याच्या आणि जेथे ते राबतात त्या तालुक्याच्या सदस्यांनी माघाच्या आत फडावर एकत्र जावे, आरोग्य, शिक्षण व कामगार या तिन्ही खात्यांचे जिल्हा अधिकारी बरोबर न्यावेत, जे सांगितले जाईल ते तेथेच लिहून घ्यावे, आणि अर्थसंकल्पी अधिवेशनात त्यावर दोघांनी मिळून प्रश्न विचारावा. तसे झाले तर ‘हे आमच्या जिल्ह्याचे काम नव्हे’ असे उत्तर कोणत्याच खात्याला देता येणार नाही.